बाकी फेकू नका: ठाण्याच्या पिनकोडवरून मोठ्या संख्येची ओळख

सुट्टीत भाचा आमच्याकडे आला होता, ठाण्यात जांभळी नाक्यापाशी. कुरिअरच्या पाकिटावर पत्ता लिहिता लिहिता पिनकोडपाशी थांबला आणि म्हणाला, “मावशी, या चार लाख सहाशे एकला कशानेच भाग जात नाही का गं?” मी दोन, तीन, पाच मनातल्या मनात फिरवले आणि “जात असेल कशाने तरी” असं मोघम उत्तर दिलं. त्याचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर चौकटीची वही काढून बसले, ती झोपायला दीड वाजला.

शाळेनंतर गणिताशी फक्त वीजबिलापुरता संबंध उरलेल्या माणसालाही एखाद्या सहा आकडी संख्येचा स्वभाव पक्का ओळखता येतो. तो कसा, ते इथे क्रमाने सांगते. अंकशास्त्र, शुभ अंक, गाडीचा लकी नंबर यातलं इथे काही नाही. लागतं ते एवढंच: वही, पेन्सिल, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करणारा साधा कॅल्क्युलेटर आणि दोन संध्याकाळी. उदाहरणाला आपलेच पिनकोड घेऊ. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून. त्यांनी पत्रं नीट पोचावीत म्हणून केलेली सोय आपण जरा वेगळ्या कामाला लावतोय.

आधी नुसतं बघा

४००६०१ चा शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+६+१ = ११, म्हणजे ३ बाद आणि ९ ही बाद. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. ७, ११ आणि १३ साठी मात्र एक सोय आहे, ती शाळेत कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. पिनकोड आपण तसाही तीन-तीन अंक तोडून लिहितो: ४०० ६०१. मागच्या तिनातून पुढचे तीन वजा करा. ६०१ − ४०० = २०१. आता ७, ११, १३ ने भाग द्यायचा तो या २०१ ला. बाकी उरते अनुक्रमे ५, ३ आणि ६. मूळ संख्येला भाग दिलात तरी नेमकी हीच बाकी उरेल, कारण ७ × ११ × १३ = १००१. एका हजाराची किंमत त्या हिशेबात उणे एक होते.

तसंच ३७ साठी वजाबाकीऐवजी बेरीज: ४०० + ६०१ = १००१. त्यातून ९९९ काढले की २ उरतात, आणि ९९९ ला ३७ ने भाग जातो. म्हणून ३७ ची बाकी २. हे सगळं कॅल्क्युलेटरला हात न लावता झालं.

कुठपर्यंत भागत बसायचं

नवखा माणूस इथेच घाबरतो. चार लाखांपर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग देऊन बघायचा की काय? मुळीच नाही. एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडले, तर दोघंही वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे निघून जाईल. ६३२ × ६३२ = ३९९४२४ आणि ६३३ × ६३३ = ४००६८९. आपली संख्या या दोघांच्या मध्ये. म्हणजे ६३२ पर्यंत बघितलं की पुरे. त्यातही फक्त मूळ संख्यांनीच (१ आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही अशांनी) भाग द्यायचा, कारण ६ ने भाग जायचा असेल तर २ नेच तो आधी पकडला जातो.

६३२ पर्यंत मूळ संख्या आहेत ११५. त्यांची यादी जालावर मिळेल, पण एकदा तरी स्वतः चाळणी लावून काढा. १ ते ६३२ आकडे मांडायचे, १ खोडायचा, मग २ सोडून २ च्या पाढ्यातले खोडायचे, ३ सोडून ३ चे, असं २३ पर्यंत. त्यापुढच्या २९ चा वर्ग ८४१, आपल्या हद्दीबाहेर. पाऊणेक तास जातो. शेवटी २११, ४१९, ६१३ हे आकडे ओळखीच्या माणसांसारखे दिसायला लागतात.

रकाना भरणं

हे खरं काम. वहीत तीन रकाने आखा: मूळ संख्या, भागाकार, बाकी. कॅल्क्युलेटर बाकी देत नाही, दशांश देतो, तेव्हा असं करायचं. ४००६०१ ÷ १७९ केलं की २२३७.९९४ असं काहीतरी दिसतं. दशांशापुढचं सोडा. २२३७ × १७९ = ४००४२३. वजा करा, १७८ उरले. लिहून टाका.

पहिल्या रात्री मी इथेच चुकले. २२३७.९९४ दिसल्यावर डोळ्यांनी त्याचा २२३८ केला, आणि “सापडला! १७९ ने भाग जातो!” म्हणून झोपलेल्या नवऱ्याला उठवलं. सकाळी गुणाकार करून पाहिला तर १७९ × २२३८ = ४००६०२. एकाने जास्त. नवऱ्याने चहा घेता घेता विचारलं, “मग त्या शेजारच्या पिनकोडला भाग जातो ना?”

त्या प्रश्नाने माझी सगळी पद्धतच बदलली. तोवर मी बाकी शून्य आहे की नाही एवढंच बघून पुढे जात होते. पण १७९ समोरची १७८ ही बाकी सांगत होती की पुढच्या घराचं दार १७९ ने उघडतं. म्हणून माझा एकच आग्रह: बाकी फेकू नका. सगळ्या ११५ बाक्या जपून लिहा. एका संख्येसाठी केलेला रकाना आख्ख्या मोहल्ल्याला पुरतो.

रकाना पूर्ण झाला तेव्हा एकही शून्य नव्हतं. शेवटची ओळ: ६३१ × ६३४ = ४०००५४, बाकी ५४७. म्हणजे ठाणे शहराचा ४००६०१ ही मूळ संख्या. भाच्याला फोन केला. त्याने “मी सांगितलंच होतं” म्हणून फोन ठेवला. (सांगितलं नव्हतं, विचारलं होतं.) चार लाखांच्या आसपास साधारण तेरा संख्यांत एखादीच मूळ असते, तेव्हा हा योग तसा दुर्मीळ नाही, पण आपल्या वाट्याला आला याचं कौतुक वाटायचं ते वाटलंच.

त्याच रकान्यातून शेजारी

नौपाड्याचा ४००६०२ हा एकाने पुढे. म्हणून रकान्यात “एक कमी” असलेल्या बाक्या शोधायच्या, म्हणजे भाजकापेक्षा बाकी बरोबर एकाने लहान. सापडतात त्या चार: २ समोर १, ३ समोर २, १७९ समोर १७८, ३७३ समोर ३७२. गुणून बघा: २ × ३ × १७९ × ३७३ = ४००६०२. नवीन भागाकार एकही केला नाही.

कोपरीचा, म्हणजे ठाणे पूर्वेचा ४००६०३. आता “दोन कमी” शोधा. ७ समोर ५, १५१ समोर १४९, ३७९ समोर ३७७. आणि ७ × १५१ × ३७९ = ४००६०३. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये होते, घणसोली आणि कोपरखैरणेच्या मधे कुठेतरी. शेजारच्या बाई माझ्याकडे काळजीने बघत होत्या.

वागळे इस्टेटचा ४००६०४ मात्र तिसऱ्याच वळणाचा. २ × २ × १००१५१, आणि तो १००१५१ मूळ. मुंब्र्याचा ४००६१२ काढलात तर २ × २ × १००१५३, तोही मूळ. १००१५१ आणि १००१५३ यांच्यात अंतर दोनचं, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी. वागळे आणि मुंब्रा यांचे पाव हिस्से एकमेकांचे जुळे आहेत, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही माहीत असणार नाही.

मोठे गुणाकार करताना पडताळा घ्यायची सवय ठेवा. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची: ७ चे ७, १५१ चे ७, ३७९ चे १९, मग १०, मग १. सात गुणिले सात गुणिले एक ४९, त्याचे १३, त्याचे ४. आणि ४००६०३ चे १३, त्याचे ४. जुळलं. हा पडताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही, पण जुळला नाही तर चूक नक्की आहे.

अवयव मिळाले की वर्ग ठरवा

इथून पुढे काम सोपं, म्हणून भरभर जाऊ. विभाजक, म्हणजे संख्येला नि:शेष भागणाऱ्या संख्या, किती ते मोजायला प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आला त्यात एक मिळवा आणि गुणा. नौपाड्याचे चारही अवयव एकेकदाच आलेत, म्हणून २ × २ × २ × २ = १६ विभाजक. वागळेत २ दोनदा, म्हणून ३ × २ = ६. ज्यात कुठलाही अवयव दोनदा येत नाही ती संख्या वर्गमुक्त: नौपाडा आहे, कोपरी आहे, वागळे नाही.

मग विभाजकांची बेरीज. प्रत्येक अवयव एकदाच आला असेल तर प्रत्येकात एक मिळवून गुणलं की झालं. नौपाडा: ३ × ४ × १८० × ३७४ = ८०७८४०. त्यातून ती संख्या स्वतः वजा केली की ४०७२३८ उरतात, म्हणजे मूळच्या ४००६०२ पेक्षा जास्त. अशीला विपुल संख्या म्हणतात. कोपरी: ८ × १५२ × ३८० = ४६२०८०, वजा केल्यावर फक्त ६१४७७. ही न्यून. आणि नेमकी बरोबरी झाली तर परिपूर्ण, जशी ६ (१+२+३) किंवा २८ (१+२+४+७+१४). परिपूर्ण संख्येच्या पुढची तिची कुठलीही पट विपुलच असते. म्हणून ६ ने भाग जातोय दिसलं की नौपाड्यासारखा गुणाकार करत बसायचीही गरज नाही.

४००६०१ सारख्या मूळ संख्येच्या पदरात स्वतःला सोडून फक्त १. न्यूनातली न्यून.

दोन वर्गांची गंमत

मला सगळ्यात आवडणारा भाग हा. वाशीचा ४००७०३ घ्या. तो ठाण्यापेक्षा १०२ ने पुढे आहे, तेव्हा रकान्यातल्या प्रत्येक बाकीत १०२ मिळवायचे आणि भाजकापेक्षा जास्त झालं तर पुन्हा भागायचं. १७ ची बाकी होती १३. १०२ हे १७ च्या पाढ्यातले (सतरा सक्क एकशेदोन), म्हणून बाकी तीच. असं ११५ वेळा. शून्य कुठेच येत नाही. ६३३ चा वर्ग ४००६८९ इथे ओलांडला गेलाय, पण ६३३ ला ३ ने भाग जातो, तेव्हा यादीत नवीन भर नाही. म्हणजे ट्रान्स-हार्बरच्या एका टोकाला ठाणे, दुसऱ्याला वाशी, आणि दोन्ही मूळ.

पण दोघांच्या जाती वेगळ्या. शेवटचे दोन अंक बघा आणि ४ ने भागा. ठाण्याचे ०१, बाकी १. वाशीचे ०३, बाकी ३. एवढ्याशा फरकाने काय होतं? पूर्ण वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ च उरते. दोन वर्ग मिळवले तर ०, १ किंवा २. तीन कधीच नाही. म्हणून वाशीची संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडणं कुणालाही, कधीही जमणार नाही. उलट ज्या मूळ संख्येला ४ ने भागून १ उरतो ती दोन वर्गांत मांडता येतेच, आणि एकाच प्रकारे. हे फर्मा या फ्रेंच गणितीने १६४० च्या नाताळात मेर्सेन या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात सांगितलं, सिद्धता पुढे ऑयलर या स्विस गणितीने दिली.

मांडता येते म्हणजे ठाण्याचे ते दोन वर्ग शोधायला हवेत. बेरजेचा शेवटचा अंक १ हवा. वर्गांच्या शेवटी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात, त्यामुळे दोनच शक्यता: एक संख्या शून्याने संपते आणि दुसरी १ किंवा ९ ने, नाहीतर एक ५ ने आणि दुसरी ४ किंवा ६ ने. निम्म्याहून जास्त काम इथेच वाचतं. मी शून्यवाल्यांपासून सुरुवात केली. १०० चा वर्ग वजा केला, ३९०६०१ उरले; ६२५ चा वर्ग ३९०६२५. चोविसाने हुकलं. पुढे ४४० ला २०७००१ उरले. ४५५ चा वर्ग २०७०२५. पुन्हा चोविसानेच! मी चरफडले, पण त्यातही एक धडा होता. दोन्ही जोड्या मिळून एकच संख्या देतात, ४००६२५, म्हणजे ती दोन प्रकारे मांडता येते. आणि विषम संख्या दोन प्रकारे मांडता आली की ती मूळ असूच शकत नाही. ४००६२५ ला ५ ने भाग जातोच की.

मग पाचवाले. ५, १५, २५ करत ३५५ ला पोचले: ३५५ चा वर्ग १२६०२५, वजा केल्यावर २७४५७६, आणि तो ५२४ चा वर्ग. ठाणे = ३५५² + ५२४². हे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

अंकांचे खेळ, म्हणजे कापरेकर

इथवरचे गुण संख्येच्या हाडांत असतात. ती कुठल्याही पद्धतीने लिहा, बदलत नाहीत. पुढचे गुण आपण दशमान पद्धतीने लिहितो म्हणून दिसतात. मोठे गणिती त्यांना फारसा भाव देत नाहीत. मला ते मत थोडं कोरडं वाटतं, आणि ठाण्यात बसून तर ते मानायचंच नाही, कारण या खेळांचे राजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेला ठाण्यातच होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. पुढे आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक, म्हणजे चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारा आकडा, जगभर माहीत आहे. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनावरून.

त्यांच्या हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणाऱ्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती. कळव्याचा ४००६०५ बघा. अंकांची बेरीज १५, आणि ४००६०५ ÷ १५ = २६७०७. कळवा हर्षद. ठाणे, नौपाडा, कोपरी, वागळे, वाशी यांपैकी एकही नाही.

दुसरा खेळ: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४००६०१ + ११ = ४००६१२, म्हणजे ठाण्याहून निघालो तो थेट मुंब्रा, कळव्याला न थांबता. ४००६०२ + १२ = ४००६१४. नौपाड्याहून बेलापूर! हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. उलट दिशेने विचारा: या संख्येवर पोचवणारी दुसरी कुठली संख्या आहे का? नसेल तर तिला कापरेकर स्वयंभू म्हणत. जेकेग्रामचा ४००६०६ तपासू. त्याच्यावर यायचं तर मागची संख्या ४००५ ने सुरू होणारी हवी, कारण ४००६०० सुद्धा उडी मारून ४००६१० वर जाते आणि ४००४९९ जेमतेम ४००५२५ ला पोचते. शेवटचे दोन अंक ‘अ’ आणि ‘ब’ धरा. उडीनंतर मिळतात ४००५०९ + ११अ + २ब. म्हणजे ११अ + २ब = ९७ हवं. ‘अ’ विषम हवा. ९ घेतला तर ९९ होऊन पुढे जातं, ७ घेतला तर ‘ब’ दहा येतो, तो अंकच नाही, आणि त्याहून लहान ‘अ’ घेतला तर ‘ब’ आणखी वाढतो. तेव्हा पोखरण रोडकडचा हा पिनकोड कुणाच्या पोटी जन्मलेला नाही. स्वयंभू.

आता तुमची पाळी

सहा-सात आकड्यांपर्यंत ही पद्धत हातानं झेपते. मोबाईल नंबरच्या दहा आकड्यांना भाजक एक लाखापर्यंत जातील, तिथे संगणकाला सांगा. आणि २०२४ मध्ये सापडलेल्या, चार कोटींहून जास्त अंकांच्या मूळ संख्येसारख्या प्रकरणांना तर वेगळ्याच कसोट्या लागतात. आपण नवी मुंबईत राहू.

नेरूळचा ४००७०६ वाशीहून तीनने पुढे. वाशीच्या रकान्यात “तीन कमी” शोधा. २ आहेच, कारण संख्या सम. २३ समोर २० आहे, ३१ समोर २८ आहे. चौथा अवयव तुम्ही काढा. तो २५० आणि ३०० च्या मध्ये आहे. ते झालं की ऐरोलीचा ४००७०८ घ्या, वाशीहून पाचने पुढे. त्याला ३ ने भाग जात नाही, तरी तो विपुल निघतो. का, ते शोधताना वर परिपूर्ण संख्या म्हणून आलेल्या २८ कडे एकदा बघून घ्या.